चौसष्टची दुप्पट

लग्नाच्या वरातीत डीजेच्या गाडीवर जे वाजतं त्यातलं काही मी बनवलेलं असतं, हे आमच्या गावात फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक आहे त्यांतले निम्मे विश्वास ठेवत नाहीत. बाईमाणूस, तेही चिमूर-वरोरा रस्त्यावरच्या एका खेड्यात, सोयाबीनच्या पोत्यांमध्ये बसून नाचायचे ठेके बनवते, हे त्यांच्या पचनी पडत नाही. मी कोणाला समजावत बसत नाही. लोकांना समजावण्याचा मला पहिल्यापासून कंटाळा आहे.

पोती मात्र खरी आहेत. घरात तीन खोल्या, त्यातली मधली दाण्याची. तिथेच माझं टेबल, त्यावर लॅपटॉप आणि दोन स्पीकर. शहरातली मुलं खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना महागडा स्पंज चिकटवतात, असं मी व्हिडिओत पाहिलं आहे. माझ्याकडे तीन भिंतींना पोती लावलेली असतात. सोयाबीन विकलं गेलं की माझा आवाज बिघडतो आणि धान आलं की सुधारतो.

काम दिसायला सोपं आहे. पडद्यावर सोळा चौकोनांची एक ओळ असते. चौकोन भरला की तिथे आवाज होतो, रिकामा ठेवला की होत नाही. अशा ओळी एकाखाली एक. सगळ्यात खाली किक, म्हणजे छातीत बसणारा तो धप्प आवाज. तिच्यावर टाळी, तिच्यावर झांजेचा बारीक चिकचिकाट, आणि त्याच्याही वर जे सुचेल ते. नाचाच्या गाण्यात किक दर चौथ्या चौकोनाला पडते, ते कोणीही करू शकतं. पण नुसतं तेवढं वाजवलं तर पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटतं, कोणी जागचं हलत नाही. अंगात येतं ते वरच्या ओळींमुळे. कोणता चौकोन रिकामा सोडला आणि कोणता आवाज केसभर उशिरा आणला, यावर सगळं अवलंबून असतं.

हे मला माझ्या भावाने शिकवलं. त्याला लॅपटॉपमधलं ओ की ठो कळत नव्हतं. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, गडचांदूरकडे चुनखडीच्या खाणीवर टिपर चालवायचा आणि तिकडेच खोली करून राहायचा. दर रविवारी सकाळी मोटरसायकलने घरी यायचा तेव्हा कितीही धुतलं तरी त्याच्या कानाच्या पाळीमागे पांढरी धूळ असायची. वडील मी लहान असतानाच गेले होते, त्यामुळे घरात आई, तो आणि मी. लॅपटॉप त्यानेच आणला होता, नागपूरहून, कोणीतरी वापरून सोडलेला. आईने विचारलं, हिला हा कशाला? तर म्हणाला, हिच्या डोक्यात दिवसभर टकटक चालू असते, ती बाहेर तरी येईल.

तो नाचायचा. ओळखीची वरात असो की अनोळखी, रस्त्यात दिसली की गाडी लावून पाच मिनिटं नाचायचा आणि पुढे निघायचा. रविवारी जेवण झालं की माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभा राहायचा आणि मी आठवड्याभरात केलेलं एकेक लावायची. त्याचा खांदा हलला तर पास, नाही हलला तर नापास. दुसरी कुठलीच परीक्षा नव्हती.

"मेलेलं हाये व हे," तो म्हणायचा. "सगळीकडं भरून ठेवलं तू. पाय ठेवाले जागा कुठी हाये?"

"मग काढू काय?"

"काढ. इथी काढ. अन् हा टक् थोडा मागं ने. लोकाईले वाट पाहू दे ना जरासी."

मी काढायची, मागे न्यायची. चिडूनच करायची, कारण चार दिवस डोकं लावून भरलेलं तो एका वाक्यात रिकामं करायचा. पण खांदा हलायचा. लॅपटॉपमध्ये एक बटण असतं, ते दाबलं की मशीन आपोआप थोड्या चुका करते, आवाज इकडेतिकडे सरकवते, म्हणजे माणसाने वाजवल्यासारखं वाटावं. ते मी एकदा त्याच्यासमोर दाबलं. तो हसत सुटला. म्हणाला, दारू प्यालेल्या माणसाने वाजवलंय हे. त्याचं बरोबर होतं. चांगला वाजवणारा वाटेल तिथे चुकत नाही, तो रोज त्याच जागी तेवढाच उशीर करतो.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तो यायला निघाला. घर वीस-बावीस किलोमीटर राहिलं होतं. जंगलातल्या वळणावर रानडुकरांचा कळप आडवा आला. डोक्याला मार लागला होता. बाकी अंगावर खरचटलेलंसुद्धा नव्हतं, असं बघून आलेल्यांनी सांगितलं. ते का सांगितलं मला कळलं नाही. ते ऐकून मला बरं वाटेल असं त्यांना वाटलं असावं.

आमच्या भागात गावोगाव मयतीला डफडं वाजतं, चालही सगळीकडे तीच. आमच्या गावात वाजवणारे एकच बाबा उरले आहेत, सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या दोन्ही मुलांनी ते काम सोडून नोकऱ्या धरल्या, आणि बरंच केलं. बाबा मात्र वाजवतात, कोणी बोलवायला न जाता येतात. तिरडी उचलली की ते पुढे आणि मागे सगळे पुरुष. बायका नदीवर, स्मशानात, जात नाहीत. त्या अंगणात बसतात. जोवर डफडं ऐकू येतं तोवर घरात कोणी पाण्याला हात लावायचा नाही, चूल पेटवायची नाही, केर काढायचा नाही. डफडं थांबलं की उठायचं, घर धुवायचं, दिवा लावायचा. त्यामुळे गावातली प्रत्येक बाई ते डफडं शेवटपर्यंत कान देऊन ऐकते. पुरुष त्याच्याबरोबर चालत असतात, त्यांना ते ऐकायची गरज पडत नाही.

मीही ऐकत होते. एक जड थाप, मग दोन हलक्या, मग रिकामी जागा. त्या जागेत खांदेकरी पाऊल टाकतात. आणि जागा संपता संपता, आता येणारच नाही असं वाटत असताना, कडेवर काडीची एक टिचकी. मग पुन्हा जड थाप. अंगणातून निघालं तेव्हा चामडं आणि काडी दोन्ही स्पष्ट होती. शाळेपाशी पोचलं तेव्हा काडी गेली, नुसती धपधप उरली. पुढे आंब्याखाली विसावा असतो. तिथे तिरडी खाली ठेवतात आणि डफडं थोडा वेळ थांबतं. नव्याने लग्न होऊन आलेली एखादी मुलगी तिथे चुकून उठायला लागते, मग मोठ्या बायका तिला खाली बसवतात. विसाव्यानंतर डफडं पुन्हा सुरू झालं ते इतकं लांबून, की ते कानांना येतंय की आपल्याच छातीत चाललंय, मला सांगता येईना. मी दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. ते कसं थांबलं ते मी ऐकलं नाही. कोणीतरी दंडाला धरून उठवलं, त्यावरून थांबलं एवढं समजलं.

कान झाकण्याआधी एक गोष्ट झाली होती. माझा पाय हलत होता. उजव्या पायाचा अंगठा शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठेका धरून होता, आणि टिचकीच्या आधीच्या त्या रिकाम्या जागेत तो बरोबर थांबत होता. माझा भाऊ तिरडीवर चालला होता आणि माझा पाय ठेका धरत होता. मला स्वतःची किळस आली. पाय लुगड्याखाली ओढून घेतला आणि त्यावर बसले.

त्यानंतरचे दोन महिने मी आडवी पडून काढले. जेवण जात नव्हतं. आई ताट आणायची, तसंच परत न्यायची. तिने माझ्याकडे बघायचं की मी तिच्याकडे, हेच आम्हाला कळत नव्हतं. वरोऱ्याचा एक डीजेवाला माझ्याकडून ठेके घ्यायचा, त्याचे फोन येत होते, सीझन जवळ आला म्हणून. मी उचलले नाहीत.

पौषात एका दुपारी उठले आणि टेबलाशी जाऊन बसले. काही ठरवलं नव्हतं. सोळा चौकोन उघडले आणि डफड्याची जड थाप पहिल्या चौकोनात ठेवली. पुढच्या दोन हलक्या. मग रिकामं, रिकामं, रिकामं. मग टिचकी, चौकोनाच्या मधोमध नाही तर पार मागच्या कडेला. लावलं. पहिल्याच फेरीत बरोबर आलं. वेग मोजला तर चौसष्ट भरला, म्हणजे मिनिटाला चौसष्ट ठोके. खांद्यावर भार घेऊन माणसं त्याच वेगाने चालत असावीत. आणि चौसष्टची दुप्पट एकशे अठ्ठावीस, जो नाचाच्या गाण्याचा अगदी ठरलेला वेग. मला त्यात काही ओढूनताणून बसवावंच लागलं नाही. खाली किक टाकली, तर दोन्ही जन्मापासून एकत्र असल्यासारखी चालायला लागली.

चार आठवडे मी त्यावरच होते. टिचकी किती मागे न्यायची यातच आठवडा गेला. पहिल्या रविवारी जेवण झाल्यावर मी सवयीने खुर्ची जरा पुढे ओढली, मागे उभं राहायला जागा व्हावी म्हणून. मग तशीच बसून राहिले. हेडफोनचा एक कान गेला होता, म्हणून सगळं स्पीकरवरच चालायचं. या कामात एकच तुकडा शेकडो वेळा फिरवावा लागतो, त्याशिवाय त्यातलं खटकणारं कळत नाही. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं. आई तिथे भाकऱ्या थापायची आणि ताट घेऊन टेबलापाशी यायची. मी डाव्या हाताने माऊस धरून उजव्या हाताने जेवायची. तिने कधी एका शब्दाने विचारलं नाही. मला वाटलं, एव्हाना तिला माझ्या टकटकीची सवय झाली आहे.

शेवटी त्यात मी एक गोष्ट केली जी करायला नको होती. नाचाच्या गाण्यात मध्येच आवाजाची धार काढून घ्यायची पद्धत असते. सगळं दबतं, लांब गेल्यासारखं होतं, आणि मग एकदम किक कोसळते आणि माणसं उड्या मारतात. मी ते डफड्यावर केलं. आधी काडी काढून घेतली, मग चामड्याचा करकरीतपणा, मग नुसती धपधप ठेवली. अंगणात बसून ऐकलं होतं तसंच, त्याच क्रमाने. तो सगळ्यात चांगला भाग झाला होता आणि मला तो फार आवडला होता, हे कबूल केलं पाहिजे. भाऊ या जगात कुठे असेल तर तो त्या आठ फेऱ्यांत होता, आणि मी बटण दाबलं की होता.

तो ठेका मी डीजेवाल्याला का पाठवला याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. त्याला सीझनसाठी चार ठेके हवे होते, तीन जुने होते, हा चौथा झाला. पण तेवढंच नव्हतं. खांदा हलवून बघणारं आता कोणी उरलं नव्हतं, आणि हा पास झाला की नाही हे मला कळायला हवं होतं.

अर्ध्या तासात त्याचा फोन आला. "बाई, हे कुठून काढलं व? हे तं आग लावते!"

आणि लागली. फाल्गुन संपेपर्यंत तो ठेका सगळीकडे पोचला होता. चिमूर, ब्रह्मपुरी, मूल, पार गडचिरोलीपर्यंत पेन ड्राइव्हवरून, मोबाइलवरून. वरून कोणी हिंदी ओळी टाकल्या, कोणी नवरदेवाचं नाव. आमच्या गावातल्या वरातीत तो वाजला तेव्हा मी दारात उभी होते. भावाला खांदा दिलेले चौघे त्यावर घामाघूम होऊन नाचत होते. एकाच्याही चेहऱ्यावर शंका नव्हती. कोणाला काही कळलं नाही याचं मला समाधान वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला.

वैशाखात मामाच्या मुलीचं लग्न होतं. आमचं वर्ष झालं नव्हतं, आई जायला तयार नव्हती, पण मामा स्वतः येऊन अडून बसला. गेलो. गोरज मुहूर्त होता, उन्हं कलली तशी वरात मांडवाकडे निघाली. गाडीवर स्पीकरची भिंत, पुढे पुरुष, कडेने बायका. बायकाही नाचत होत्या, डोक्यावरचा पदर सावरत, एकमेकींना ओढत. आई मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. माझा ठेका सुरू झाला. मला कोणाच्या तरी लग्नात तो वाजताना ऐकायची आता सवय झाली होती.

मग तो दबणारा भाग आला. काडी गेली. चामडं गेलं. धपधप उरली आणि लांब लांब जायला लागली. पुरुषांनी हात वर केले, शिट्ट्या घातल्या, किक कधी कोसळते त्याची वाट बघत. आणि बायका थांबल्या.

कोणी कोणाला खुणावलं नाही. एक म्हातारी नाचता नाचता जागच्या जागी उभी राहिली आणि तिने पदर पुढे ओढून घेतला. तिच्या शेजारच्या बाईने कडेवरच्या पोराला घट्ट धरलं. एक तरुण सून हसत होती, तिचं हसू अर्ध्यावर राहिलं. त्या सगळ्या रस्त्याच्या एकाच टोकाकडे बघत होत्या, जिथे काहीही नव्हतं. गाडी त्यांच्या दहा हातांवर होती. पण आवाज ज्या दिशेला जातो आहे असं वाटत होतं, त्या दिशेला त्या बघत होत्या.

मी वेग दुप्पट केला होता, किक टाकली होती, म्हणून मला वाटलं होतं की लपलं. पुरुषांपासून ते लपलंच. त्यांनी ते डफडं दूर जाताना कधी ऐकलेलंच नव्हतं. बायकांपासून लपवायला हवं होतं हे माझ्या, एका बाईच्या, डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या गावातल्या वरातीतही मी फक्त पुरुषांचे चेहरे बघितले होते.

किक कोसळली. पुरुषांनी उड्या मारल्या. आई खांबाला पाठ घासत खाली बसली. तिच्या शेजारी एक बसली, मग दुसरी, मग पाच-सहा जणी, मांडवाच्या तोंडाशी, धुळीत, नव्या लुगड्यांनी. मी गाडीकडे धावले आणि वाजवणाऱ्या पोराला ओरडून सांगितलं, बंद कर.

"बाई, बाजूनं व्हा, वायर हाये," तो म्हणाला. मी कोण हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, ती आई पसरत बसली. मी तिच्यासमोर बसले. मीही फुलं पसरायला लागले.

"मी मुद्दाम नाई केलं, आई," मी म्हटलं. "कोनाले समजन असं नोतं वाटलं."

"मले पह्यल्याच दिवशी समजलं होतं," ती म्हणाली. हात चालूच होते. "तू तिकडं लावलं, अन् मी इथी पीठ मळून राह्यली होती. हात तसाच राह्यला पिठात."

"मग बोलली काऊन नाई?"

"तू जेवून राह्यली होती ना व. दोन महिन्यांत पह्यल्यांदा ताट रिकामं आलं होतं. म्या म्हटलं, वाजू दे. एक गेला, दुसरी तं जेवून राह्यली."

चार आठवडे. दिवसातून शंभरदा, दोनशेदा. मी डोकं खाली घालून रडले. तिने रडू दिलं. मग फुलं हलवता हलवता, मला दोष देण्यासाठी नाही, नुसती एक गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "पन एक सांगू काय? तुह्या त्याच्यात तो पोचतच नाई व बाई. घरून निघते, शाळेपावतर जाते, अन् पुन्हा घरूनच निघते. पुन्हा घरूनच. किती खेपा जाऊ देऊ मी त्याले या अंगनातून?"

मी उठले आणि डीजेवाल्याला फोन लावला, तो ठेका काढून टाका म्हणून. तो मनापासून हसला. म्हणाला, बाई, आता तो माझ्याकडे कुठे आहे, तो तर सगळ्यांकडे आहे. त्याचं खरं होतं. मी फोन ठेवला आणि त्याला पुन्हा काही पाठवलं नाही.

आईसाठी मला एकच करता येण्यासारखं होतं. त्याला पोचवायचं. नाचाच्या ठेक्याला शेवट नसतो, एक संपायच्या आत दुसरा त्यात मिसळायचा असतो, म्हणून शेवट करायचा मला कधी प्रसंगच आला नव्हता. आणि डफड्याचा शेवट तर मी ऐकलाच नव्हता. मी बाबांकडे गेले. ते ओसरीवर बसले होते, उजव्या हाताची बोटं सुजलेली.

"बाबा, माह्याकडून चूक झाली," मी म्हटलं. "तुमची चाल घेतली मी."

"समजलं होतं मले," ते म्हणाले. रागावलेले दिसले नाहीत. "पन ते माह्या हातचं नाई वाटलं. दूर जाते ना ते. मी कधी तसं ऐकलंच नाई. मी तं नेहमी डफड्याच्या मागंच असतो."

नदीवर पोचल्यावर ते कसं थांबवता, असं मी विचारलं. त्यांनी सुजलेली बोटं मांडीवर पसरली. मग म्हणाले, "गावाकडं तोंड करतो. अन् तीन थापा. जोरानं, सुट्या सुट्या. त्या मयतासाठी नसते. घरी बायका बसल्या राह्यते ना, त्याईच्यासाठी. त्याईले समजलं पाह्यजे, का आता उठाचं. माह्या बापानं सांगतलं होतं, बाकी चुकलं तरी चालते, या तीन चुकवू नको."

मी चौसष्टवर परत आले. किक नाही, टाळी नाही, नुसतं डफडं. एके सकाळी अंगणातून निघून शाळा, आंबा आणि नदी अशी चालत गेले, मोबाइलवर वेळ लावून, जितक्या सावकाश तिरडी चालते तितक्या सावकाश. रस्त्यात एकाने विचारलं, पाय दुखतो का? त्या मोजमापाने आवाज बसवला. कुठे काडी जाते, कुठे चामडं जातं. विसाव्याला थांबवला, पुन्हा सुरू केला. शेवटी तीन चौकोन भरले. सगळं मिळून सव्वीस मिनिटं झाली.

दुपारी आईला बोलावलं. ती पोत्यावर बसली. तिला मी आधी सांगितलं नव्हतं, पण दोन फेऱ्यांत तिला समजलं आणि ती सरळ होऊन बसली. काडी गेली तेव्हा ती हळूच म्हणाली, "शाळा." विसाव्याला थांबलं तेव्हा मान हलवली, आणि सुरू झालं तेव्हा डोळे मिटले. धपधप इतकी बारीक झाली की दोघी पुढे वाकलो.

मग तिने डोळे उघडले आणि पडद्याकडे बघितलं. तिला चौकोन वाचता येत नाहीत. पण एक उभी रेघ डावीकडून उजवीकडे सरकते आहे आणि पुढे, मोकळ्या जागेनंतर, तीन भरलेले चौकोन सुटे सुटे आहेत, एवढं कोणालाही दिसलं असतं.

"त्या तीन?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. रेघ जवळ येत होती. तिने हात पुढे केला आणि सगळा तळवा लॅपटॉपवर ठेवला, सापडतील तेवढी बटणं दाबून. आवाज थांबला.

"राहू दे," ती म्हणाली.

"तूच म्हनत होती ना, पोचत नाई म्हून."

"म्हनत होती. खरंच हाये ते." हात तिने उचलला नव्हता. "पन आज नको व. माह्यानं नाई पोचवल्या जात त्याले."

मी आग्रह केला नाही. ती फाइल तशीच आहे. आईने पुन्हा कधी मागितली नाही, आणि ती स्वतःहून लावायला माझं काळीज तेवढं घट्ट नाही. त्या तीन थापा मीसुद्धा अजून ऐकलेल्या नाहीत. बसवल्या त्या दिवशी स्पीकर बंद केले होते आणि आवाज न ऐकता नुसते चौकोन भरले होते.